वेबपानावर आडवी सरकणारी पट्टी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या व्यापाऱ्याची वेबसाइट करायला घेतली की दोन मागण्या हमखास येतात. पहिली, "रोजचे दर टाका, पण सगळे रकाने दिसले पाहिजेत." दुसरी, "हळद, बेदाणा, गूळ, भडंग, सगळ्या मालाचे फोटो एका ओळीत लावा, बोटानं सरकवता आले पाहिजेत." दोन्हींचं उत्तर एकच: पानाच्या आत आडवी सरकणारी जागा.

शिकवणीचे धडे हा विषय एका ओळीत उरकतात. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या भाषेत) ओव्हरफ्लो-एक्स ऑटो करा, म्हणजे न मावलेला भाग आडवा सरकेल, झालं. लॅपटॉपवर ते चालतंही. मग तीच साइट तासगावच्या एखाद्या बागायतदाराच्या फोनवर उघडते, कार्डं चरकातून निघालेल्या चिपाडासारखी चेपलेली दिसतात, अख्खं पान डावी-उजवीकडं हलतं आणि शेवटचा रकाना कुणाला सापडत नाही. नव्यानं हे काम करणाऱ्या मुलामुलींचे यात दिवस जातात. ते जाऊ नयेत म्हणून हा सगळा क्रम लिहून काढतोय.

माझं ठाम मत आधीच सांगतो. सरकवण्याचं काम ब्राउझर उत्तम करतो, ते त्याच्याकडंच राहू द्या. त्यासाठी कॅरोसेलची, म्हणजे सरकत्या पट्टीची, तयार लायब्ररी आणून बसवू नका. आपल्याकडं तीन कामं राहतात: जागा नीट आखणं, उजवीकडं अजून काही आहे हे बघणाऱ्याला कळू देणं, आणि अंगठा, माउस, कीबोर्ड या तिन्हींनी शेवटपर्यंत पोचता येईल असं करणं.

कोड अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचा असतो. इथं सीएसएसच्या गुणधर्मांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केलीत की पूर्ण नाव समोर येतं.

हाताशी काय हवं

- व्हीएस कोड किंवा सवयीचा कुठलाही एडिटर.
- क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्ही. का ते चौथ्या पायरीत कळेल.
- एक साधा अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं फोन संगणकाला दिसत नाही, आणि माणूस तासभर सेटिंग शोधत बसतो.
- चाक असलेला साधा माउस. ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी आडवं सरकवणं इतकं सोपं असतं की माउसवाल्याची अडचण लक्षातच येत नाही.
- खरा मजकूर. "राजापुरी हळकुंड", "सर्वसाधारण दर", "भौगोलिक मानांकन असलेली सांगली हळद" अशी खरी, लांब मराठी नावं घ्या. (सांगलीच्या हळदीला हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं, त्यामुळं प्रत्येक व्यापाऱ्याला ते कार्डावर हवं असतं.) इंग्रजी भरताड मजकुरावर केलेलं डिझाइन मराठी नाव टाकल्यावर टिकत नाही.
- सगळे फोटो एकाच प्रमाणात कापलेले, चारास तीन किंवा चौकोनी.

१. आडवी पट्टी हवीच का, ते ठरवा

चारच वस्तू असतील तर पट्टी करू नका. फ्लेक्स-रॅप लावून दोन ओळींत मांडा, सगळं एका नजरेत येईल. पत्ता, फोन नंबर, ऑर्डरचं बटण, परतीचे नियम यांतलं काहीही सरकवून शोधायला लागता कामा नये. सलग वाचायचा मजकूर तर कधीच आडवा सरकवायला लावू नका. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांतही, ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मजकूर वाचताना दोन्ही दिशांना सरकवावं लागू नये, असं म्हटलं आहे. तक्त्यांना त्यातून सूट आहे, कारण रकाने मोडले तर तक्त्याचा अर्थच जातो.

म्हणजे पट्टी शोभते ती तक्त्याला, एकसारख्या कार्डांच्या रांगेला, फोटोंना आणि वर्गवारीच्या छोट्या बटणांना.

२. डबा सरकवा, पान नाही

रचना अशी ठेवा: बाहेर एक विभाग, त्यात मथळा, मथळ्याखाली यादीचा यूएल टॅग आणि प्रत्येक वस्तू एका एलआय टॅगमध्ये. यादीवर हे तीन नियम:

डिस्प्ले: फ्लेक्स
गॅप: १६ पिक्सेल
ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो

मथळा पट्टीच्या बाहेरच राहू द्या, नाहीतर कार्डांबरोबर तोही डावीकडं निघून जातो. 'ऑटो'ऐवजी 'स्क्रोल' लिहिलंत तर माल कमी असतानाही विंडोजवर रिकामा स्क्रोलबार दिसत राहील.

तक्त्याला मात्र ओव्हरफ्लो थेट लावून उपयोग नाही. टेबलाभोवती एक डिव्ह घाला आणि ओव्हरफ्लो त्या डिव्हला द्या. "टेबललाच डिस्प्ले ब्लॉक करा" असा सल्ला जागोजागी दिसतो. त्यानं सरकतं खरं, पण काही ब्राउझरमध्ये पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो तक्ता म्हणून कळत नाही, आणि अंध वाचकाला नुसते आकडे एकामागून एक ऐकू येतात. एक जादा डिव्ह लिहायला काहीच लागत नाही.

३. कार्डांची रुंदी

फ्लेक्समधली वस्तू जागा कमी पडली की स्वतःहून आकसते, कारण फ्लेक्स-श्रिंकची मूळ किंमत १ असते. म्हणून प्रत्येक कार्डाला:

फ्लेक्स: ० ० ऑटो
विड्थ: मिन(७५%, २६० पिक्सेल)

हा आकडा हवेतून घेतलेला नाही. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल सोडले की पट्टीला ३२८ पिक्सेल उरतात. त्याचे ७५ टक्के म्हणजे २४६. त्यात १६ चं अंतर धरलं तर पुढच्या कार्डाचे साधारण ६५ पिक्सेल कडेला डोकावतात. तेवढं डोकावणं पुरेसं असतं, बोट आपोआप तिकडं जातं. "सरकवा" असं लिहायची गरज पडत नाही.

आता मोठ्या पडद्यावरचा सापळा. पट्टी ११०० पिक्सेल रुंद असेल तर २६० ची चार कार्डं आणि मधली तीन अंतरं मिळून १०८८ होतात. म्हणजे चौथं कार्ड जवळजवळ काठाला येऊन संपतं. ग्राहकाला वाटतं दुकानात चारच वस्तू आहेत. बेदाणा पाचव्या कार्डावर असेल तर तो विकला जाणार नाही. म्हणून मोठ्या पडद्यासाठी मीडिया क्वेरीत (ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागू होणाऱ्या नियमांत) रुंदी २२ टक्के द्या. ११०० वर कार्ड २४२ चं होतं आणि पाचव्याचा काठ दिसत राहतो. वेगवेगळ्या रुंदीला खिडकी ओढून बघा. जिथं कार्ड बरोबर काठाला संपेल तिथं रुंदी बदला.

आणखी एक. मधोमध दिसावं म्हणून जस्टिफाय-कंटेंट सेंटर लावू नका. माल मावला नाही की तो दोन्ही बाजूंनी बाहेर जातो, आणि डावीकडं गेलेल्या कार्डापर्यंत सरकवून पोचताच येत नाही. पहिलं कार्ड कायमचं हरवतं. मधोमध हवंच असेल तर पहिल्या कार्डाला डावीकडून आणि शेवटच्याला उजवीकडून मार्जिन ऑटो द्या.

४. अख्खं पान हलत असेल तर

सर्वांत जास्त वेळ इथं जातो, म्हणून सविस्तर सांगतो. फोनवर पट्टी सरकवायला जावं आणि वरचं दुकानाचं नावसुद्धा बाजूला सरकावं, असं झालं तर काहीतरी पानापेक्षा रुंद झालंय. कारणं बहुतेक या चारांपैकी असतात.

पहिलं, पट्टीचा बाहेरचा डबा स्वतः फ्लेक्स किंवा ग्रिडमधली वस्तू आहे. अशा वस्तूची किमान रुंदी 'ऑटो' असते, म्हणजे आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला ती तयार नसते. पट्टी सरकण्याऐवजी डबाच फुगतो आणि पान ढकलतो. उपाय: त्या बाहेरच्या डब्याला मिन-विड्थ शून्य. ग्रिड असेल तर १ एफआर न लिहिता मिनमॅक्स(०, १एफआर) लिहा. पट्टीवर कितीही नियम लावून काही होत नसेल तर दोष बहुधा पट्टीत नसतो, एक-दोन पातळ्या वर असतो. वर चढत जाऊन बघा.

दुसरं, कुणीतरी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, दिली आहे. विंडोजवर उभ्या स्क्रोलबारची जागाही त्यात धरली जाते, त्यामुळं पान तेवढंच बाहेर जातं. १०० टक्के लिहा. फोनवर स्क्रोलबार जागा घेत नाही, म्हणून फोनवर सगळं ठीक आणि दुकानातल्या संगणकावर बिघडलेलं, असं उलटं चित्र दिसलं तर आधी हेच तपासा.

तिसरं, फोटोला मॅक्स-विड्थ १०० टक्के नाही. चौथं, मध्ये जागा नसलेला लांबलचक मजकूर, बहुतेक वेळा ईमेल पत्ता किंवा दुवा. त्याला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्या.

दोषी शोधायला फायरफॉक्स घ्या. त्याच्या इन्स्पेक्टरमध्ये सरकणाऱ्या घटकापुढं 'स्क्रोल' अशी छोटी चिठ्ठी दिसते आणि बाहेर जाणाऱ्या घटकापुढं 'ओव्हरफ्लो' अशी. चिठ्ठी बघितली की पाच मिनिटांचं काम.

बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून मोकळं होणं हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. दोष तसाच राहतो, फक्त दिसत नाही, आणि जे बाहेर गेलंय ते कापलं जातं. आतल्या एखाद्या डब्यावर असंच झाकण घातलं तर त्यातला वर चिकटून राहणारा मेनूही चिकटेनासा होतो. कुठं कापणं गरजेचंच असेल तर हिडनऐवजी क्लिप वापरा, त्यानं चिकटून राहण्याला (स्टिकीला) धक्का लागत नाही.

५. थांबे

सरकवून सोडल्यावर कार्ड अर्धवट न राहता नीट थांबावं म्हणून पट्टीला स्क्रोल-स्नॅप-टाइप, कार्डाला स्क्रोल-स्नॅप-अलाइन स्टार्ट. पट्टीला आतून पॅडिंग दिलं असेल तर तेवढंच स्क्रोल-पॅडिंग द्या, नाहीतर कार्ड काठाला चिकटून थांबतं.

टाइपमध्ये दोन पर्याय आहेत. 'मँडेटरी' प्रत्येक वेळी थांब्यावर नेऊन उभं करतो. 'प्रॉक्सिमिटी' थांबा जवळ असेल तरच ओढतो. मालाच्या कार्डांना प्रॉक्सिमिटी बरी, ग्राहक भराभर चाळत असतो. फोटो एकेक करून बघायचे असतील तिथं मँडेटरी. उदाहरणार्थ, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे, त्यांचे फोटो. पेवाचं तोंड, आत उतरलेला माणूस, वर काढलेली हळद, असे फोटो अर्धे अर्धे दिसून उपयोग नाही.

याच पायरीत पट्टीला ओव्हरस्क्रोल-बिहेवियर-एक्स कंटेन द्या. पट्टी संपल्यावरही बोट सरकत राहिलं तर काही ब्राउझर मागच्या पानावर जातात. ग्राहक साइटबाहेर पडतो आणि त्याला वाटतं साइट बंद पडली.

टच-अ‍ॅक्शन पॅन-एक्स मात्र लावू नका. त्यानं पट्टीवर बोट ठेवून पान खाली नेता येत नाही, आणि फोनच्या पडद्याचा मोठा भाग तर पट्टीनंच व्यापलेला असतो.

६. स्क्रोलबार

लपवू नका. दुकानातल्या विंडोज संगणकावर साध्या माउसनं बसलेल्या माणसाला तोच आधार आहे. सुबक करा:

स्क्रोलबार-विड्थ: थिन
स्क्रोलबार-कलर: आधी दांडीचा रंग, मग मागच्या पट्ट्याचा

हळदीच्या साइटला पिवळी दांडी करायचा मोह होतो. पांढऱ्यावर हळदीचा पिवळा उठून दिसत नाही. निकषांप्रमाणे अशा भागाला शेजारच्या रंगाशी निदान ३:१ चा फरक हवा. गडद तपकिरी किंवा मंजिष्ठी घ्या आणि पिवळा मथळ्याच्या पट्ट्यात वापरा.

जुन्या लेखांत वेबकिट-स्क्रोलबार नावाचा वेगळा निवडक (सिलेक्टर) दिसेल. क्रोमच्या १२१ व्या आवृत्तीपासून वरचे दोन साधे गुणधर्म तिथंही चालतात, आणि ते लिहिलेत की वेबकिटवाले नियम लागूच होत नाहीत. "गोल कडा दिल्या होत्या, गेल्या कुठं?" याचं उत्तर हे. दोन्ही पद्धती एकत्र लिहू नका.

फोनवर आणि बहुतेक मॅकवर स्क्रोलबार सरकवतानाच दिसतो. म्हणून नुसत्या स्क्रोलबारच्या भरवशावर राहता येत नाही. डोकावणारं कार्ड हवंच, आणि तक्त्याला पुढची पायरी हवी.

७. दरांचा तक्ता

बाजारभावाच्या तक्त्याचे नेहमीचे रकाने असे: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. शेतकरी ज्याच्यासाठी पान उघडतो तो सर्वसाधारण दर सगळ्यात शेवटी. फोनवर तो दिसतच नाही.

यार्डात हे जवळून बघायला मिळतं. हमालांची ये-जा चाललेली, एका हातात पावती, दुसऱ्या हातात फोन, अंगठ्याला हळद लागलेली. माणूस एकदा अंगठा फिरवतो, आवक दिसते, परत फिरवतो, आता दर दिसतो पण तो कुठल्या मालाचा ते डावीकडं निघून गेलेलं. मग शेजाऱ्याला विचारतो, "दादा, ह्यो दर राजापुरीचा का?"

तेव्हा सीएसएसला हात लावायच्या आधी रकान्यांचा क्रम बदला. शेतमाल, लगेच सर्वसाधारण दर, मग कमीत कमी, जास्तीत जास्त, आवक आणि बाकीचं. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, कारण त्याच्या डोळ्याला छापील क्रमाची सवय असते. स्वतःच्या फोनवर दाखवा, पटतं.

मग पहिला रकाना जागेवर ठेवा. त्यातल्या प्रत्येक घराला पोझिशन स्टिकी, लेफ्ट शून्य. इथं चार अडचणी येतात:

- त्या घरांना अपारदर्शक पार्श्वभूमी द्या, नाहीतर आकडे नावांच्या खालून जाताना दिसतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत.
- बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स असेल तर चिकटलेल्या घरांच्या रेघा सरकवताना मागं राहतात. सेपरेट करा आणि बॉर्डर-स्पेसिंग शून्य.
- हा रकाना फार रुंद करू नका. ३६० च्या फोनवर नावालाच २०० पिक्सेल दिले तर दर बघायला फट उरते. साधारण १२० पुरे. "राजापुरी हळकुंड" दोन ओळींत मोडू द्या.
- मथळ्याची ओळ वर चिकटत नाही अशी तक्रार येईल. एका दिशेला ओव्हरफ्लो ऑटो केलं की दुसऱ्या दिशेचा 'व्हिजिबल' आपोआप ऑटो होतो, त्यामुळं स्टिकी आता पानाऐवजी त्या डिव्हला धरून चालतं. तक्ता खूप लांब असेल तर डिव्हला मॅक्स-हाइट ७० व्हीएच द्या, म्हणजे मथळा डिव्हच्या आत वर राहील. दहा-पंधरा ओळींच्या तक्त्याला हे करू नका. पानात पान अडकतं.

टेबलला विड्थ मॅक्स-कंटेंट आणि मिन-विड्थ १०० टक्के द्या. आकड्यांच्या घरांना व्हाइट-स्पेस नोरॅप आणि उजवीकडून मांडणी.

उजवीकडं अजून रकाने आहेत हे दाखवायला काठावर हलकी सावली आणता येते, तीही जावास्क्रिप्टशिवाय. डिव्हच्या पार्श्वभूमीला चार थर द्या: दोन्ही काठांना सावलीचे ग्रेडियंट, त्यांची बॅकग्राउंड-अटॅचमेंट 'स्क्रोल', त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन ग्रेडियंट, त्यांची 'लोकल'. लोकल थर मजकुराबरोबर सरकतात. शेवटाला पोचलं की पांढरा थर सावलीवर येतो आणि ती झाकली जाते, मध्ये असताना ती उघडी राहते. पार्श्वभूमी मजकुराच्या मागं असते, त्यामुळं ओळींना भरीव रंग दिलात तर सावली दिसणार नाही. पट्टेरी ओळी हव्या असतील तर अर्धपारदर्शक रंग वापरा. हीच युक्ती कार्डांना चालत नाही, कार्डं भरीव असतात.

८. मराठी अक्षरं आणि वरखाली कापलं जाणं

वर सांगितलं तसं, ओव्हरफ्लो-एक्स ऑटो झालं की उभ्या दिशेलाही डबा कापायला लागतो. कार्डाची सावली खालून तुटते, टॅब दाबून लिंकवर आल्यावरची (फोकसची) चौकट वरून अर्धी दिसते. पट्टीला वरखाली १२ पिक्सेल पॅडिंग द्या. त्यामुळं मांडणी खाली गेली तर तेवढंच उणे मार्जिन.

देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापानं ठेवलेली १.२ ची लाइन-हाइट इथं अपुरी पडते. १.६ पासून सुरुवात करा. वर्गवारीच्या छोट्या बटणांना ठरावीक उंची देऊ नका, पॅडिंग द्या. २८ पिक्सेलमध्ये कोंबून ओव्हरफ्लो हिडन केलं की "गूळ" मधला दीर्घ उकार जातो आणि नाव चुकीचं वाचलं जातं. लेटर-स्पेसिंग तर मराठीला लावूच नका, शिरोरेषा तुटते.

एचटीएमएलच्या लँग गुणधर्मात मराठीचा संकेत जरूर द्या. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं त्यामुळं 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाहीत. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उच्चार कुठल्या भाषेत करायचा ते कळतं.

९. बटणं आणि कीबोर्ड

कार्डात लिंक असेल तर टॅब दाबत गेल्यावर पट्टी आपोआप सरकते, वेगळं काही लागत नाही. तक्त्यात लिंक नसते, म्हणून त्याच्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्य, रोल रीजन आणि "आजचे हळद दर" असं अरिया-लेबल द्या. मग बाणाच्या कळांनी तक्ता सरकतो. काही ब्राउझर आता हे स्वतःहून करतात, पण सगळे नाहीत. फोकसची चौकट काढून टाकू नका. डिझाइनला खुपत असेल तर आउटलाइन-ऑफसेट उणे करून आत घ्या. यादीचे ठिपके लिस्ट-स्टाइल नन करून काढले असतील तर यूएलला रोल लिस्ट लिहा, नाहीतर सफारीत ती यादी म्हणून वाचली जात नाही.

माउसवाल्यासाठी मागं-पुढं अशी दोन बटणं द्या. शिफ्ट दाबून चाक फिरवलं की आडवं सरकतं, पण हे फार कमी लोकांना माहीत असतं. बटणावर क्लिक झाल्यावर पट्टीची क्लायंट-विड्थ (दिसणारी रुंदी) घ्या, तिच्या ८० टक्के इतकं स्क्रोल-बाय करा. एवढंच जावास्क्रिप्ट पुरे. ते लोड झालं नाही तरी पट्टी बोटानं चालूच राहते. बटणं ४४ पिक्सेलची ठेवा, आणि नुसता बाण असला तरी "पुढचा माल" असं लेबल द्या. अलगद सरकणं फक्त तेव्हाच, जेव्हा वापरणाऱ्यानं फोनमध्ये हालचाल कमी ठेवायचा पर्याय निवडलेला नाही. त्यासाठी प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशनची क्वेरी आहे.

चाक उभं फिरवल्यावर पट्टी आडवी नेणारा कोड बरेच जण घालतात. नका घालू. खाली पत्ता बघायला निघालेला माणूस पट्टीपाशी अडकतो.

"ते आपोआप सरकत राहू दे की, बरं दिसतं," असं मालक म्हणतील. आदरानं नाही म्हणा. दर वाचता वाचता कार्ड निघून गेलं की वाचणारा हताश होतो, आणि सावकाश वाचणाऱ्या वयस्कर माणसाचे सगळ्यात जास्त हाल होतात. पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवीच, असं निकषही सांगतात.

१०. तपासणी आणि कागद

फोन केबलनं जोडा, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधलंच पान संगणकावर तपासा. ब्राउझरमधला नकली फोन रुंदी दाखवतो, अंगठा दाखवत नाही. एवढं तरी बघाच:

- पट्टीवर बोट ठेवून पान खाली जातंय ना.
- शेवटच्या कार्डानंतर थोडी जागा सुटतेय ना. जुन्या ब्राउझरमध्ये उजवं पॅडिंग गिळलं जातं. तिथं शेवटच्या कार्डाला आफ्टर निवडकानं बारीक जागा जोडा.
- फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केल्यावर नावं कापली जात नाहीत ना. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या फोनवर अक्षरं मोठीच असतात.
- माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डनं शेवटचा रकाना गाठता येतो ना.
- फोटो उशिरा आले तरी कार्ड उडी मारत नाही ना. इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची लिहिली की ते थांबतं.

आणि प्रिंट. व्यापारी दरांचं पान छापून भिंतीला लावतात, पण कागद सरकत नाही. प्रिंटच्या मीडिया क्वेरीत डिव्हचं ओव्हरफ्लो व्हिजिबल करा, कार्डांच्या यादीला फ्लेक्स-रॅप रॅप द्या, स्टिकी काढून स्टॅटिक करा, मागं-पुढंची बटणं लपवा आणि पेजच्या नियमात ए-फोर लँडस्केप लिहा. छापायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये शेवटचा रकाना पूर्ण येतोय का बघा. येत नसेल तर फक्त प्रिंटपुरता अक्षरांचा आकार दोन पॉइंटनं कमी करा.